‘सगळं मलाच करावं लागतं’: नेतृत्व पोखरणारं मनातलं एक वाक्य

चार माणसांचं काम ज्याच्या अंगावर असतं, त्याने हे वाक्य मनातल्या मनात कधी ना कधी म्हटलेलं असतंच: ‘सगळं मलाच करावं लागतं.’ मग तो टीमलीडर असो, मुख्याध्यापक असो, रुग्णालयातल्या वॉर्डची मुख्य परिचारिका असो, नाहीतर घरातली मोठी बहीण. वाक्य साधं आहे, थकव्यातून आलेलं आहे, आणि त्या क्षणी अगदी खरं वाटणारं आहे. ते तोंडावर क्वचितच येतं. पण त्या दिवशी आपण कोणाशी कसं बोललो, कोणाचं काम नीट पाहिलं आणि कोणाचं न पाहताच बाजूला सारलं, हे बरंचसं त्या न उच्चारलेल्या वाक्याने ठरवलेलं असतं.

या एका वाक्यात दोन गोष्टींची गाठ बसलेली आहे. आपण स्वतःशी काय बोलतो, म्हणजे स्वसंवाद, ही एक. आणि दुसऱ्याने केलेलं आपल्याला दिसतं का, म्हणजे कृतज्ञता, ही दुसरी. नेतृत्वाबद्दल बोलताना हे दोन्ही शब्द इतके गुळचट करून वापरले जातात की त्यामागे मानसशास्त्राचं जवळजवळ शंभर वर्षांचं काम आहे, हे नजरेआड होतं. ते काम समजून घेतलं तर ही गाठ सोडवता येते, असा माझा अनुभव आहे.

आधी मनातल्या बोलण्याकडे बघू.

लहान मूल खेळताना मोठ्याने बोलत असतं, पण कोणाशीच नाही. ‘हा इथे ठेवू... नाही, हा मोठा आहे... हा खाली.’ स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना १९२० च्या दशकात हे अपरिपक्वतेचं लक्षण वाटलं. मुलाला अजून दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, म्हणून ते असं आपल्यातच बोलतं, असं त्यांचं म्हणणं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी त्याच दृश्याचा वेगळा अर्थ लावला. मूल त्या बोलण्याने स्वतःला हाकत असतं, स्वतःला वाट दाखवत असतं, असं त्यांना दिसलं. काम अवघड झालं की मुलांचं हे बोलणं वाढतं, हेही त्यांनी दाखवलं. सुरुवातीला मोठी माणसं बाहेरून सांगतात, ‘हळू, सांडेल.’ मग मूल तेच स्वतःला मोठ्याने सांगतं. पुढे ते बोलणं आत जातं. आवाज विरतो, वाक्यं तुटक होतात, पण बोलणं थांबत नाही. विगोत्स्की १९३४ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी क्षयाने गेले. मनातलं बोलणं म्हणजे मुळात दुसऱ्या माणसांचं, आपल्यात मुरलेलं बोलणं, ही त्यांची कल्पना मात्र आजही या विषयाचा पाया आहे.

ज्याला माणसं सांभाळायची आहेत, त्याने इथे जरा थांबावं. आपल्याला ज्यांनी वागवलं, शिकवलं, दटावलं, त्यांचा सूर आपल्यात राहतो. पहिला वरिष्ठ चूक झाली की ‘अक्कल कुठे गेली होती?’ म्हणायचा, तो कधीच निवृत्त झाला, पण आज स्वतःची चूक दिसली की तेच वाक्य, त्याच सुरात, आतून ऐकू येतं. अशा वरिष्ठाच्या हाताखाली तयार झालेली भली माणसं मी पाहिली आहेत. आपण तसं वागायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असतं. समोरच्याशी ती जपून, मऊ बोलतात आणि स्वतःशी मात्र त्या जुन्याच भाषेत बोलत राहतात. साध्या दिवसांत हे निभावतं. ताण वाढला की आतली भाषा बाहेर येते, आणि समोरचा चकित होतो, की हा माणूस असा कधीपासून झाला?

मनातली ही वाक्यं पकडायला अवघड असतात, कारण ती मत म्हणून येत नाहीत, वस्तुस्थिती म्हणून येतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना हे लक्षात आलं. रुग्ण जे सांगत होते, त्याच्या आडून दुसरेच विचार भराभर सरकत होते: ‘मी यांना कंटाळा आणतोय’, ‘माझ्याकडून काहीच होणार नाही’. बेक यांनी त्यांना आपोआप उमटणारे विचार म्हटलं आणि ते पकडून, पुराव्याशी ताडून पाहण्याची पद्धत घडवली. आज कॉग्निटिव्ह थेरपी म्हणून जी उपचारपद्धती जगभर वापरली जाते, तिचा उगम तिथे आहे. या विचारांच्या काही खुणा असतात. ‘नेहमी’, ‘कोणीच’, ‘सगळं’, ‘कधीच’ असे शब्द त्यांत हमखास भेटतात.

आपल्या वाक्यात ‘सगळं’ तर आहेच. पण खरी करामत आहे ती ‘च’ ची. ‘मला करावं लागतं’ ही नुसती माहिती आहे. ‘मलाच करावं लागतं’ हा खटला आहे. त्यात आरोपी आहेत, फिर्यादी आहे आणि निकालही लागलेला आहे. मराठीने एका अक्षरात ही सोय करून ठेवली आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण म्हणतो ते सहसा स्वतःच्या काळजीबद्दल. नेत्याच्या बाबतीत मात्र त्याच्या मनाने चिंतलेलं त्याच्या माणसांनाही भोगावं लागतं.

हे नुसतं वाटणं नाही. स्टीव्हन रोगेलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःलाच लिहिलेली पत्रं तपासली. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रातून दिसणारा स्वसंवाद विधायक आहे की घातक, याची त्यांनी छाननी केली आणि या अधिकाऱ्यांबद्दल त्यांच्या हाताखालच्या आणि वरच्या माणसांचं मत काय आहे, याच्याशी ती ताडून पाहिली. जे स्वतःशी विधायक बोलत होते, ते इतरांना चांगले नेते वाटत होते आणि त्यांच्यावर कामाचा ताणही कमी होता. ज्यांचं बोलणं घातक होतं, ते नवं काही सुचण्याच्या बाबतीत मागे होते. यातून एकामुळेच दुसरं घडतं हे सिद्ध होत नाही. ताण कमी असलेला माणूस स्वतःशी बरं बोलत असेल, असंही असू शकतं. पण बंद लिफाफ्यातलं स्वगत आणि हाताखालच्या माणसाचा अनुभव यांत काही धागा आहे, एवढं नक्की.

मग या आतल्या बोलण्याचं करायचं काय? ‘चांगलं बोला’ हा सल्ला लगेच सुचतो, आणि तोच सर्वात फसवा आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य स्वतःला सांगायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य त्याच्यावर लादलं की मन लगेच विरुद्ध पुरावे गोळा करायला लागतं. त्यामुळे आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम नेता आहे’ म्हणण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

याहून साधी आणि प्रामाणिक वाट ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आली. लोकांना ऐनवेळी भाषण करायला सांगायचं, त्याने घाम फुटतो. त्याआधी थोडा वेळ स्वतःच्या मनःस्थितीचा विचार करायला द्यायचा. काहींनी तो ‘मी’ म्हणून करायचा: मी का घाबरलोय? काहींनी स्वतःला नावाने हाक मारून किंवा ‘तू’ म्हणून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नावाने बोलणाऱ्यांची भाषणं सरस ठरली, आणि नंतर त्याच त्या गोष्टीची खंत करत बसण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. २०१७ मध्ये जेसन मोझर यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात मेंदूचे आलेख पाहिले, तेव्हा भावनेची लाट पहिल्या सेकंदाच्या आतच ओसरताना दिसली, आणि तेही मनाला आवर घालण्याचे जादा कष्ट न पडता.

कारण कळायला सोपं आहे. मित्राच्या अडचणीत आपण शहाणे असतो आणि स्वतःच्या अडचणीत गोंधळतो. याला संशोधकांनी बायबलमधल्या राजा सॉलोमनचं नाव दिलं आहे. लोकांना न्याय देण्यात तो निष्णात, स्वतःच्या आयुष्यात मात्र घसरलेला. इगोर ग्रॉसमन आणि क्रॉस यांना आढळलं की स्वतःच्या प्रश्नाकडे तिऱ्हाईताच्या नजरेने पाहायला लावलं की ही दरी बुजते. ‘तू’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा वेगळे होतात, आणि बोलणाऱ्याला मित्राची जागा मिळते.

आपल्या भाषेला हे नवं नाही. ‘अरे बाबा, जरा दमानं’, ‘काय गं बाई हे तुझं’, ‘मना, थांब’ असं आपण स्वतःला सहज म्हणतो. हीच सवय थोडी जाणीवपूर्वक वापरायची. मीटिंगमध्ये काम बिघडल्याची बातमी कळते आणि आपण तोंड उघडतो, यात दोन-तीन सेकंद असतात. ‘यांना काही म्हणजे काही जमत नाही’ हे वाक्य तेवढ्यात तयार होतं. त्याच्या जागी स्वतःचं नाव घेऊन एक प्रश्न विचारायचा: ‘तुला नेमकं काय माहीत आहे?’ बहुतेक वेळा उत्तर असतं, फारसं काही नाही. मग तोंडातून निकाल न पडता प्रश्न बाहेर येतो, आणि समोरचा माणूस बचाव करायचं सोडून माहिती द्यायला लागतो.

इथे एक भीती असते. स्वतःशी मऊ वागलो तर ढिले पडू, दर्जा घसरेल. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका कठीण परीक्षेत कमी पडलेल्यांपैकी काहींना स्वतःशी समजूतदारपणे वागायला सुचवलं: अशी अडचण अनेकांना येते, स्वतःला फार टोचून बोलू नका. पुढच्या परीक्षेच्या तयारीला याच लोकांनी जास्त वेळ दिला. चूक मान्य करण्याची किंमत कमी झाली की माणूस ती उघडून पाहतो. किंमत भारी असेल तर ती झाकतो, नाहीतर दुसऱ्याच्या माथी मारतो.

आता गाठीचं दुसरं टोक.

काही वर्षांपूर्वी मी आठ जणांच्या एका गटाचं काम पाहत होते. एका अहवालाची मुदत जवळ आली होती आणि रात्री उशिरा स्क्रीनसमोर एकटी बसलेली असताना ‘सगळं मलाच करावं लागतं’ हे वाक्य डोक्यात फिरायला लागलं. दुसऱ्या दिवशी एका सहकारिणीने अहवालातल्या तिच्या प्रकरणाबद्दल एक शंका विचारली. मी म्हटलं, ‘राहू दे, मीच करते.’ मला वाटलं, मी तिचा भार हलका केला. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की मी तिला नालायक ठरवलं होतं. तो ‘च’ तिने बरोबर ऐकला होता.

अहवाल गेल्यावर मन खात होतं, म्हणून एका कागदावर कोणी काय केलं ते लिहायला बसले. माझी कामं पाच मिनिटांत लिहून झाली. बाकीच्यांची आठवायला वेळ लागला, पण एकदा आठवायला लागल्यावर यादी थांबेना. त्याच सहकारिणीने सगळे तक्ते मूळ नोंदींशी ताडून पाहिले होते आणि दोन ठिकाणचे चुकलेले आकडे कोणाला न सांगता दुरुस्त केले होते. ते तसेच गेले असते तर नाव माझंच खराब झालं असतं. गंमत अशी की हे मला माहीत नव्हतं असं नाही. फाइलमध्ये तिच्या दुरुस्त्या मी स्वतः पाहिल्या होत्या. पण ‘सगळं मलाच’ म्हणताना त्या माझ्या हिशेबात नव्हत्या.

असं का होतं, याचं उत्तर १९७९ मधल्या एका सुंदर अभ्यासात आहे. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं: घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात बढाई असेल असं वाटेल, पण भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक आपला वाटा जास्तच सांगत होते. कारण स्मरणात आहे. मी केलेल्या कामाच्या वेळी मी शंभर टक्के हजर असते. तुम्ही केलेल्या कामाच्या वेळी मी बहुधा दुसरीकडे असते. त्यामुळे माझे कष्ट मला ठसठशीत आठवतात आणि तुमचे पुसट.

नेत्याच्या जागेवर हा दोष दुप्पट होतो. नीट चाललेलं काम वर पोहोचतच नाही. वर पोहोचते ती अडचण. एखाद्याने धोका आधीच ओळखून दूर केला तर काहीच घडत नाही, आणि ‘काहीच घडलं नाही’ याची नोंद कुठल्या अहवालात होणार? त्यामुळे नेत्याच्या दिवसभरात येतात त्या फक्त तक्रारी, चुका आणि उशीर. संध्याकाळी त्याला मनापासून वाटतं की आपल्या माणसांकडून काही होत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापर्यंत आलेली माहितीच तशी निवडून आलेली असते.

यात आणखी एक भर पडते. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच यांनी २०१६ मध्ये तिला वाऱ्याची उपमा दिली. सायकलवर समोरून वारा असला की तो प्रत्येक पॅडलला जाणवतो. मागून आला की थोडा वेळ बरं वाटतं आणि मग त्याचं अस्तित्वच विसरलं जातं. अडथळ्यांशी झुंजावं लागतं म्हणून ते लक्षात राहतात. मदतीशी झुंजावं लागत नाही. त्यांच्या एका पाहणीत मोठ्या भावंडांना वाटत होतं की आई-वडील आपल्याशी जास्त कडक होते. धाकट्यांना ते मान्य नव्हतं. एकाच घरात वाढलेल्या दोघांना वारा वेगळा जाणवला होता.

म्हणून कृतज्ञता या शब्दाची फोड मला फार मोलाची वाटते. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. जो केलेलं जाणतो तो कृतज्ञ. आभार मानणं नंतर येतं, भरून येणं त्याहून नंतर. शब्दाच्या मुळाशी आहे ते जाणणं. आपण ‘उपकाराची जाण’ म्हणतो, तिथेही हेच क्रियापद आहे. आणि विरुद्धार्थी शब्द बघा: कृतघ्न. ‘घ्न’ म्हणजे मारणारा. केलेल्याचा नाश करणारा. ‘सगळं मलाच करावं लागतं’ म्हणताना मी त्या सहकारिणीच्या दोन दुरुस्त्यांचं नेमकं तेच केलं होतं.

या अर्थाने पाहिलं की कृतज्ञता हा स्वभावाचा गोडवा राहत नाही, ते हिशेब नीट ठेवण्याचं काम होतं. ते शिकता येतं आणि तपासताही येतं. युजीन करूसो, निकोलस एप्ली आणि मॅक्स बेझरमन यांनी २००६ मध्ये दाखवलं की ‘तुझा वाटा किती?’ असं थेट विचारण्याऐवजी गटातल्या एकेका सदस्याच्या कामाचा आधी वेगवेगळा विचार करायला लावला, तर स्वतःचा वाटा फुगवून सांगणं कमी होतं. मात्र त्यांना एक अप्रिय गोष्टही दिसली. ज्यांनी खरंच इतरांपेक्षा जास्त काम केलं होतं, त्यांचा उत्साह असा हिशेब केल्यावर कमी झाला. पुन्हा या लोकांबरोबर काम करावं, असं त्यांना कमी वाटलं.

कृतज्ञतेबद्दल लिहिताना हा निष्कर्ष बहुतेक जण गाळतात. मला तो अतिशय उपयोगी वाटतो. यादी केल्यावर कधी कधी खरंच दिसतं की बरंचसं आपणच करतोय. तसं असेल तर आभारांच्या गोड शब्दांनी ते झाकू नये. मग प्रश्न मनाचा नसून वाटपाचा असतो: काम सोपवलं गेलेलं नाही, किंवा सोपवलं तरी आपण ते सारखं परत ओढून घेतोय, किंवा माणसंच कमी आहेत. यादीने इतरांचं न दिसलेलं काम कळतं, नाहीतर वाटपातली चूक कळते, आणि दोन्ही कळण्याजोगं आहे.

जाणलेलं बोलून दाखवलं की काय होतं, यावर अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांचा २०१० चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जावर सूचना देणाऱ्यांना त्याने नंतर आणखी मदत मागितली. पहिल्या मदतीची नुसती पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी पुन्हा मदत केली. आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्क्यांनी. मग वेगळ्याच विद्यार्थ्याने मदत मागितली, तर प्रमाण २५ आणि ५५ टक्के. म्हणजे एकाने मानलेल्या आभारांचा फायदा तिसऱ्यालाच झाला. यामागचं कारण शोधताना त्यांना आढळलं की आभार मिळाल्याने ‘मी हुशार आहे’ असं वाटण्यापेक्षा ‘माझा कोणाला तरी उपयोग आहे’ हे वाटणं महत्त्वाचं ठरलं.

इतकं सोपं असून आपण हे का करत नाही? अमित कुमार आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि पत्र मिळाल्यावर समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं, त्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा तो कमी अवघडला आणि जास्त आनंदला. लिहिणारे शब्द बरोबर आहेत ना या चिंतेत होते. वाचणाऱ्यांना त्यातली माया दिसत होती. मराठीत हा संकोच जरा जास्तच आहे. ‘धन्यवाद’ सभेतला वाटतो, ‘आभारी आहे’ पत्रातलं वाटतं, आणि जवळच्यांत ‘आभार कसले मानतोस’ म्हणून विषयच मिटवला जातो. पण नेत्याला हे शब्द वापरावेच लागतील असंही नाही. ‘त्या तक्त्यांतले दोन आकडे तू पकडलेस म्हणून आपण वाचलो’ या वाक्यात धन्यवाद कुठेच नाही, आणि तरीही सगळं आहे. सारा अल्गो यांच्या जोडप्यांवरच्या अभ्यासातही हेच दिसतं: ‘माझा फायदा झाला’ यावर भर देण्यापेक्षा समोरच्याच्या गुणाची, कष्टाची दखल घेणारे आभार जास्त पोहोचतात. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ हे वाक्य मात्र कोणापर्यंतच पोहोचत नाही. त्यातही ‘सगळं’ लपलेलं आहे.

एक धोका इथेच सांगायला हवा, कारण तो मला मनापासून खुपतो. कृतज्ञता वरून खाली वाहिली पाहिजे. तिचा प्रवाह उलटा केला की ते हत्यार होतं. ‘नोकरी आहे याबद्दल कृतज्ञ राहा’ असं वरिष्ठ जेव्हा तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सांगतो, तेव्हा तो त्याचं तोंड बंद करत असतो. पगार, रजा, माणसांची संख्या हे प्रश्न त्यांच्याच जागी सोडवायचे असतात; कौतुकाचं प्रमाणपत्र हे त्यांचं उत्तर होत नाही. आणि रोज सकाळी ठरवून आभार वाटण्याने शब्द झिजतात. आठवड्यातून एकदा, शांतपणे, एकेकाचं नाव घेऊन ‘हा माणूस या आठवड्यात नसता तर काय अडलं असतं?’ असं स्वतःला विचारणं मला जास्त फळलं. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की चांगली गोष्ट घडल्याचं आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर, अशी कल्पना केल्याने तिचं मोल जास्त जाणवतं.

स्वसंवाद आणि कृतज्ञता एकाच कागदावर पाहायची असतील तर मला १८६३ च्या जुलैमधली दोन पत्रं आठवतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात होतं. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सैन्याला दोन मोठे विजय मिळाले होते: जनरल ग्रँट यांनी व्हिक्सबर्ग घेतलं आणि जनरल मीड यांनी गेटिसबर्गला शत्रूला मागे हटवलं.

१३ जुलैला लिंकन यांनी ग्रँट यांना पत्र लिहिलं. आपली कधी भेट झाल्याचं आठवत नाही, अशी सुरुवात. मग केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञता. त्यानंतर मोहिमेच्या कुठल्या टप्प्यावर आपलं मत ग्रँट यांच्यापेक्षा वेगळं होतं, कुठे त्यांनी चूक केली अशी आपल्याला भीती वाटली होती, हे सविस्तर सांगून शेवटी कबुली: तुम्ही बरोबर होतात आणि मी चुकलो होतो. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाला हे लिहिण्याची काही गरज नव्हती. विजय झालाच होता. नुसतं अभिनंदन पुरलं असतं.

दुसऱ्याच दिवशी, १४ जुलैला, त्यांनी मीड यांना लिहायला घेतलं. गेटिसबर्गनंतर माघार घेणाऱ्या शत्रूला मीड यांनी नदीपलीकडे निसटू दिलं होतं, आणि लिंकन यांची नाराजी कानावर आल्याने मीड यांनी पदमुक्त करण्याची विनंती केली होती. पत्राची सुरुवात गेटिसबर्गच्या यशाबद्दलच्या कृतज्ञतेने आहे, आणि ‘अतिशय’ या अर्थाचा शब्द त्यांनी दोनदा लिहिला आहे. आपल्यामुळे तुम्हाला यातना झाल्या याचं वाईट वाटतं, पण मी स्वतःच इतका व्यथित होतो की बोलल्याशिवाय राहवलं नाही, असंही ते कबूल करतात. आणि मग व्यथा बांध फोडून येते: शत्रू हाताशी होता, त्याला गाठलं असतं तर युद्ध संपलं असतं, सोन्यासारखी संधी गेली, माझ्या दुःखाला पारावार नाही.

पत्र पूर्ण झालं. लिंकन यांनी ते लिफाफ्यात घातलं आणि वर नोंद केली की हे जनरल मीड यांना कधी पाठवलं नाही, त्यावर सहीही केली नाही. ग्रँट यांचं पत्र गेलं, मीड यांचं राहिलं. मीड यांची विनंती मान्य झाली नाही, आणि १८६५ मध्ये युद्ध संपेपर्यंत त्या सैन्याचे सेनापती तेच होते.